लाल झेंडा असेपर्यंत

परदेशात शूटिंग करायचं म्हणजे विमानातून उतरलं की कॅमेरा लावायचा, असं आपल्या लोकांना वाटतं. त्याआधी तिथे कुणीतरी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेले असतात, हे त्यांच्या गावीही नसतं. इथे ते उंबरठे वहिनी झिजवायची. लग्न करून ती या देशात आली, इथली भाषा शिकली आणि मायदेशातून येणाऱ्या प्रत्येक युनिटची वहिनी होऊन बसली.

या खेपेला सिनेमासाठी दवाखाना हवा होता. एका गल्लीतली बंद पडलेली शाळा तिने मिळवली, पोलिसांची परवानगी काढली, नगरपालिकेच्या साहेबांनाही राजी केलं. पण सही करता करता साहेबांनी पाचर मारलीच.

"गल्लीतून एक जरी तक्रार आली, तरी शूटिंग बंद."

मागच्या युनिटचं शूटिंग असंच अर्ध्यावर बंद पडलं होतं. आता पुन्हा तसं झालं, तर वहिनीला कुणी दारात उभं केलं नसतं.

म्हणून ती घरोघर हिंडली. शाळेवर लाल झेंडा असेपर्यंत आवाज करायचा नाही, खिडकी उघडायची नाही, हाका मारायच्या नाहीत. हिरवा लागला की मोकळे. सगळ्यात आधी ऐकलं ते समोर एकटे राहणाऱ्या आजोबांनी. नुसतं ऐकलं नाही, तर "पोरीच्या पोटावर पाय नको यायला," म्हणत शेजाऱ्यांच्याही गळी ते त्यांनीच उतरवलं.

शूटिंगच्या दिवशी वहिनीचा जीव टांगणीला लागला होता. कुठे भांडं पडलं तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. साहेब जातीने फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले. आत दिग्दर्शकाला शॉट काही पसंत पडेना. "अजून एकदा" संपेना आणि मध्ये झेंडा बदलायलाही तो तयार होईना. वेळ जातो म्हणे. वहिनीनेही मान डोलावली. एकदाचं उरकलं म्हणजे सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"वहिनी, त्या बाकावरच्या म्हाताऱ्याला कुठून पैदा केलंत?" मॉनिटरच्या पडद्याकडे बोट दाखवत सहायक कुजबुजला. "कसला पेशंट वठवलाय! नाहीतर आपले बाकीचे बघा, लग्नाला आल्यासारखे बसलेत."

वहिनीने वाकून पाहिलं. हिरॉइनच्या मागे, पेशंट झालेल्या लोकांच्या ओळीत एक जण छाती दाबून भिंतीला टेकला होता. अंगात तपकिरी स्वेटर, त्याची बटणं एक घर चुकलेली. हा स्वेटर तिने पाहिला होता, समोरच्या घरात.

"अरे, हे आपले नाहीत!" ती ओरडली आणि चालू शॉटमधून धावत सुटली. मागून दिग्दर्शकाने घातलेल्या शिव्या तिच्या कानापर्यंत पोचल्याच नाहीत.

दारात अँब्युलन्स उभी होती, पण ती सिनेमाची; आत ना स्ट्रेचर ना ऑक्सिजन. शेवटी साहेबांनीच खुर्ची लाथाडून आजोबांना उचलायला हात लावला आणि युनिटच्या गाडीत घातलं. आजोबा वहिनीलाच शोधत आले होते. फाटकावरच्या माणसाने त्यांना पेशंटांपैकीच समजून आत सोडलं आणि बाकावर बसवलं होतं.

गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी घाम पुसत राहिली.

"आजोबा, इतकं दुखत होतं तर मला एक हाक नाही का मारायची?"

त्यांनी कसेबसे डोळे उघडले. "झेंडा लाल होता ना, पोरी."

खऱ्या दवाखान्यात त्यांना घाईघाईने आत नेलं. छातीत कधीपासून दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा वहिनीला तोंड वर करवेना. आताच काही सांगता येणार नाही, असं म्हणून ते दाराआड गेले. ती बाहेर बाकावर बसली, अगदी आजोबा बसले होते तशीच भिंतीला टेकून.

फोन वाजला. दिग्दर्शक होता.

"वहिनी, आधीचा शॉट चालून जाईल. पण साहेब काय म्हणाले? त्या म्हाताऱ्याची तक्रार-बिक्रार नाही ना?"

"नाही," वहिनी म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "त्यांनी काही तक्रारच केली नाही हो."