मागे कोणी नाही

टॅमरॅक बे गावाच्या आइस हॉकी संघाने चार मालक पाहिले, पाच नावं लावली आणि करंडक मात्र एकदाही उचलला नाही. पहिला मालक प्रेतसंस्काराचं दुकान चालवायचा. हिवाळ्यात तिथली जमीन दगडासारखी गोठते, माणसं पुरायला वसंत ऋतूची वाट बघावी लागते, त्यामुळे बिचाऱ्याला चार महिने उद्योग नसायचा. म्हणून त्याने संघ काढला. नाव ठेवलं मायनर्स, आणि त्याच वर्षी गावची खाण बंद पडली. दुसरा मालक दातांचा डॉक्टर. त्याच्याइतका समाधानी मालक हॉकीत झाला नसेल, कारण या हाताने तो पगार द्यायचा आणि त्या हाताने दात बसवून परत घ्यायचा. त्याने नाव ठेवलं ब्लिझर्ड्स, तर त्या साली बर्फच धड पडला नाही. तिसरा जुन्या मोटारी विकणारा, त्याच्याविषयी न बोललेलं बरं. चौथा ब्रेंट हेझलडीन. हा फ्लोरिडाहून आला, तिथे पोहण्याचे तलाव विकायचा. पाणी गोठलं तरी पाणीच, असा त्याचा हिशेब असावा.

एवढ्या वर्षांत हा संघ एकदाच, अडुसष्ट साली, अंतिम सामन्याला पोचला. त्या सामन्याचं गावाला एवढंच आठवतं, की आर्व्हो कांगासने आपल्याच जाळ्यात गोल मारला.

झालं होतं असं. बरोबरी होती, थोडाच वेळ उरला होता आणि पाहुण्यांच्या एका गड्याने आगळीक केली. पंचाने हात वर केला. असा हात वर असला, की पाहुण्यांनी चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, ताब्यात घेताक्षणी शिट्टी होते. म्हणजे त्यांना गोल मारताच येत नाही. म्हणून आपला गोलरक्षक जाळं उघडं टाकून बाकाकडे पळतो आणि त्याच्या बदली एक जादा गडी हल्ल्याला उतरतो. अशा वेळी आपल्यावर गोल होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आपणच तो करायचा. टॅमरॅक बेने तो शोधून काढला.

आर्व्हो पार पाहुण्यांच्या कोपऱ्यात होता. त्याने न बघता चकती मागे दिली, पाहुण्यांच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर, जिथे त्याचा जोडीदार रेंझो पेलेग्रिनी उभा असायचा. हे दोघे बचावाचे गडी, अकरा वर्षांची जोडी. आर्व्होने मागे बघायची गरज कधी पडलीच नव्हती. त्या दिवशी तिथे रेंझो नव्हता. चकती सरकत सरकत आख्खा बर्फ ओलांडून आपल्याच मोकळ्या जाळ्यात जाऊन विसावली. चार हजार माणसं तिच्याकडे बघत होती. बाकाकडे कोणीच बघितलं नाही. तिथे रेंझो धापा टाकत बसला होता. आदल्या रात्रीची बिअर छातीत होती, जादा गडी बर्फावर उतरताना दिसला आणि हा आपल्याच बदली आला असं समजून गृहस्थ खुशाल खाली बसले.

हे दोघांनाच ठाऊक होतं. जोडीदाराची चूक चारचौघांत काढायची नाही, असा बचावाच्या गड्यांचा रिवाज. आर्व्हो मूग गिळून बसला. रेंझोने रिवाज जरा जास्तच पाळला. तीस वर्षं लूच्या कॉफीच्या दुकानात आर्व्होची सगळ्यात जास्त टिंगल त्यानेच केली. फळीवरून साखरेचं भांडं कोणाकडे सरकवायला आर्व्होने हात लावला, की रेंझो ओरडायचा, "अरे बघून दे लेका! मागे कोणी नाही!" आणि सगळं दुकान हसायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"तू एकदा बोलून का टाकत नाहीस?" आर्व्होची बायको हेल्मी विचारायची.

"त्याला तोंड आहे ना? त्याने बोलावं."

"त्याचं तोंड बघतेय मी तीस वर्षं. कॉफी पितं आणि तुला हसतं."

आर्व्होला करंडक नको होता, माफीही नको होती. मरायच्या आधी एकदा, माणसांसमोर, रेंझोने म्हणावं की मी तिथे नव्हतो. एवढंच हवं होतं त्याला, आणि मागून घ्यायचं नव्हतं.

अशात हेझलडीनला कल्पना सुचली. प्रेक्षक उरले होते मूठभर, तेही ऊब मिळते म्हणून येणारे. तो आर्व्होच्या दारात मुंडी हलवणारी एक बाहुली घेऊन उभा राहिला. बाहुलीच्या अंगात मायनर्सचा जुना सदरा होता, हातात काठी होती, आणि पाय पुढे असले तरी तोंड पाठीकडे होतं.

"हे तुम्ही, मिस्टर कांगास! येणाऱ्या प्रत्येकाला एक फुकट. मधल्या सुटीत जुने सगळे गडी बर्फावर आणू आणि तुम्ही तो गोल पुन्हा मारायचा. लोक वेडे होतील!"

"लोक आहेतच," आर्व्हो म्हणाला.

"रिंक भरलं तर संघ इथेच राहील. नाही भरलं, तर अलाबामातून मागणी आलेली आहे."

आर्व्होने दार लावलं. बाहुली पायरीवर राहिली, वाऱ्याने होय होय करत.

मग गावाला कंठ फुटला. ज्यांनी तीस वर्षं त्याला हसून घेतलं होतं, ते आता टोपी हातात धरून आणखी एकदा हसू देण्याची विनंती करायला येऊ लागले. पाद्री आले आणि त्याग या विषयावर बोलले. लूने आयुष्यात पहिल्यांदा कॉफी फुकट पाजली. शेवटी शनिवारी, सौनाच्या म्हणजे वाफेच्या आंघोळीच्या दिवशी, रेंझो आला.

परसातल्या त्या लाकडी खोलीत दोघे म्हातारे उघडेबंब बसले. आर्व्होने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफेत माणसाला खोटं बोलता येत नाही, असं त्याची आई म्हणायची.

"संघासाठी कर रे," रेंझो म्हणाला. "तुझं काय जातंय? हसतील आणि घरी जातील."

"माझं काय जातंय, ते तू सांगतोस?"

रेंझो गुडघ्यांकडे बघत राहिला. आर्व्होने आणखी पाणी टाकलं आणि थांबला. ओठ हलले रेंझोचे. क्षणभर आर्व्होला वाटलं, आलं, आता आलंच.

"काय उकडतंय रे," म्हणत रेंझो उठला आणि कपडे करून निघून गेला.

आर्व्होने उरलेलं पाणी दगडांवर ओतून टाकलं. मग घरात येऊन हेल्मीला म्हणाला, "कळव त्या तलाववाल्याला. मारतो मी गोल."

"अरे, वेड लागलं का तुला?"

"थकलो गं. हसू दे एकदाचं पोटभर. संपेल तरी."

रिंक भरलं. घरच्या संघाने परंपरेचा मान राखत तीन गोल खाल्ले, मग मधली सुटी झाली आणि हयात असलेले जुने गडी बर्फावर आले. कोणाचा गुडघा धातूचा, कोणाची कंबर. सगळ्यांना बाकासमोर ओळीने उभं केलं. आर्व्हो एकटा सावकाश दूरच्या कोपऱ्यात गेला. समोर आख्खा बर्फ पसरला होता आणि पार टोकाला उघडं जाळं. माणसांनी बाहुल्या उंच धरल्या. हजारो आर्व्हो मागे तोंड करून माना डोलावत होते.

"तर मंडळी," हेझलडीन माइकवर ओरडला, "इतिहासाची पुनरावृत्ती!"

आर्व्होने काठी चकतीला टेकवली. डोळे भरून आल्याचा त्याला राग आला. मान वर केली, तर ओळीतून एक जण बाहेर पडला होता. रेंझो. एक पाय फरफटत, काठीचा आधार घेत तो निळ्या रेषेकडे निघाला होता. लोक हसले, म्हाताऱ्याला भ्रम झाला असं वाटून.

"सर, ओळीत! सर, मागे या!" हेझलडीन म्हणाला.

रेंझो रेषेवर पोचला, वळला, पाय फाकून उभा राहिला. आणि काठी बर्फावर आपटली. ठक, ठक. हॉकीत याचा एकच अर्थ असतो: दे, मी आहे.

आर्व्होने डोळे पुसले नाहीत. चकती मागे दिली. ती रेंझोच्या काठीवर येऊन टक्कन थांबली.

रिंकमध्ये कोणाला काही कळेना. मग शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली. गोल बघायला पैसे मोजले होते लोकांनी. हेझलडीन लाल होऊन धावत आला. रेंझोने त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"अडुसष्ट साली मी इथे उभा नव्हतो," तो म्हणाला. आवाज फाटत होता. "बाकावर बसलो होतो. याने बरोबर दिली होती. गोल माझा आहे. त्या बाहुल्यांवर माझं तोंड लावा." मग आर्व्होकडे वळून, माइक तोंडाशीच आहे हे विसरून, "आलो रे. जरा उशीर झाला."

"तीस वर्षं म्हणजे जरा का रे, गाढवा?" आर्व्हो म्हणाला.

संघ मे महिन्यात अलाबामाला गेलाच. भरलेल्या रिंकमुळे त्याची किंमत तेवढी वाढली. हेझलडीनने पताका नेल्या, जुने फोटो नेले, बर्फ घासायचं यंत्रही नेलं. उरलेल्या बाहुल्या नेल्या नाहीत. त्यातली एक लूने कॉफीच्या यंत्रावर ठेवली आहे, आणि खाली चिठ्ठीवर रेंझोचं नाव.

सकाळी दोघे तिथे शेजारी शेजारी बसतात. परवा आर्व्हो पेपर वाचत होता. त्याने कॉफीत साखर घातली आणि मान वर न करता भांडं फळीवरून मागे सरकवलं. रेंझोने ते धरलं, आपल्या कपात दोन चमचे घातले आणि पेपरातलं क्रीडापान मागितलं.