गोळीचा राग

कुंडलिकने कागद पुढे सरकवले आणि सारजाबाईंनी त्या कागदांवर चहाचा कप आदळला. अर्धा चहा पहिल्या पानावर सांडला. कुंडलिकने घाईघाईने डोक्यावरची टोपी काढून तिनेच तो टिपला.

"आक्का, नुसती सही करायची हाय. डोंगर उचलायचा न्हाई."

"मंग तूच कर की माज्या नावाची."

खाटेवर बसलेल्या ऋषीने मामाला डोळ्यांनी खूण केली. पोटच्या पोराची ती खूण सारजाबाईंनी बरोबर टिपली.

"मामा, आज नको," ऋषी म्हणाला. "आईला ष्टेरॉइडच्या गोळ्या चालूयेत. झोपच लागत न्हाई तिला. त्या गोळ्यांनी माणूस चिडचिडा व्हतो, मी मोबाइलवर वाचलंय. डोस कमी होऊ द्या, मंग बगू."

"आसं व्हय!" कुंडलिकचा जीव भांड्यात पडला. "तरी म्हन्लं, आमची आक्का आसं बोलायची न्हाई. गोळीचा राग हाय हा. सोडून दे ना त्या गोळ्या."

"एकदम न्हाई सोडायच्या मामा," दारातून सून आरती म्हणाली. "डॉक्टरनी बजावलंय. जिवाशी खेळ व्हतो."

तिघेही सारजाबाईंच्या डोक्यावरून बोलत होते. त्या तिथे बसल्याच नव्हत्या जणू. त्या उठल्या आणि गोठ्यात जाऊन उगाचच गव्हाण झाडायला लागल्या. झाडूच्या दोन काड्या तुटल्या.

गोष्ट साधी होती. वडील गेल्यावर माहेरच्या, अवसरीच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कुंडलिकबरोबर सारजाबाईंचंही नाव लागलं होतं. आता कुंडलिकला तिथे इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. बहिणीने घोडेगावच्या कचेरीत जाऊन हक्क सोडायचा, भावाने साडीचोळी करायची आणि दोघांनी मिळून माहेर शाबूत राहिलं असं म्हणायचं, ही रीत. आत्यांनी सोडला, चुलत बहिणींनी सोडला. सारजाबाईही सोडणारच होत्या. कुणी विचारलंच नव्हतं, तरी सोडणारच होत्या.

मधे हे दुखणं आलं. अंगभर फोड, तोंडात फोड, पाण्याचा घोटसुद्धा आग लावत जायचा. पुण्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. माहेरचं कुणी फिरकलं नाही. कुंडलिकचा कांदा काढणीला आला होता. गोळ्यांनी फोड बसले आणि त्यांच्याबरोबर झोपही गेली. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. कुणी सांगितलं जायफळ उगाळून घ्या, कुणी म्हणालं तळपायांना खोबरेल चोळा. सगळं करून झालं. आरती पहाटे उठायची तर भांडी घासलेली, अंगण सारवलेलं, आणि सासू चुलीपुढे लाल डोळ्यांनी बसलेली.

राग तर कशाचाही येई. ऋषीच्या चहा भुरकण्याचा, शेजारच्या टीव्हीचा, गाईच्या शेपटीचा. तो त्यांना स्वतःलाच नकोसा झाला होता. पण त्याहून मोठा संताप दुसऱ्याच गोष्टीचा होता. भाजी आळणी झाली म्हटलं तरी गोळी. गाडीची धुळीची चाकं ओसरीवर आणू नकोस म्हटलं तरी गोळी. घरातल्या सगळ्यांना कधी नव्हे ती सोय सापडली होती. बाई काय म्हणते ते ऐकायचं कारणच उरलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला आरती बरोबर गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, "गोळ्या कधी घेता?"

"राती. जेवान झाल्यावर."

"रात्री कुणी सांगितलं?"

"तुमीच की. पोटभर जेवून घ्या म्हन्ला. सकाळी च्या आन् भाकरीचा तुकडा, दुपारी वावरात काय गावंल ते. आमचं पोटभर जेवान रातीलाच."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं.

"आजी, ही गोळी झोप उडवते. म्हणून ती सकाळी घ्यायची. आठच्या आत दूध-भाकरी खायची, मग गोळ्या. आज रात्रीच्या घेऊ नका, उद्या सकाळी घ्या. आणि दुपारनंतर चहा बंद."

"आन् राग?"

"तोही गोळीने वाढतो. झोप नसली की आणखी."

"मंग गोळीचा कुटला आन् माजा कुटला, ते कसं वळकायचं?"

"आधी झोप तर होऊ द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

एसटीत सारजाबाई खिडकीशी बसल्या. चार महिने झोपेसाठी जीव टाकला होता आणि आता झोप येईल याचीच भीती वाटत होती. झोप झाली आणि राग निघून गेला तर? मग ऋषी खरा, कुंडलिक खरा. आपण नुसत्या गोळीचं ऐकून भांडलो, असं होईल. मग कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

पहिल्या दोन रात्री तशाच गेल्या. पाचव्या दिवशी त्यांना जाग आली तेव्हा उन्हं अंगणात उतरली होती, धारा काढून झाल्या होत्या आणि दूध डेअरीत गेलंसुद्धा होतं. अंग हलकं झालं होतं. सारजाबाई उठून बसल्या आणि त्यांनी आधी राग चाचपून पाहिला. ऋषी ओसरीवर चहा भुरकत होता. त्याचं काहीच वाटलं नाही. त्या एकदम घाबरल्या.

ऋषीला मात्र आनंद झाला. आणखी दोन दिवस त्याने आईला झोपलेलं पाहिलं आणि आळेफाट्याच्या गॅरेजवर जाताना मामाला फोन लावला. आईला त्याने ते सांगितलं नाही.

रविवारी कुंडलिक आला. या वेळी कागद नवे करकरीत होते आणि बरोबर साडीची पिशवी होती.

"झोप लागती म्हनं आता?"

"लागती की."

"लई ब्येस झालं."

सारजाबाईंनी चष्मा लावला. गेल्या वेळी अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती. आज ती जागच्या जागी होती. सातवीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर त्यांनी ओळींवर बोट ठेवत ठेवत वाचायला सुरुवात केली. राजीखुशीने. कोणाच्याही दबावाशिवाय. पूर्ण शुद्धीत. मग चतुःसीमा, झाडं आणि विहीर. तिथे बोट थांबलं.

"कुंडलिक, ही इहीर कुणी खांदली रं?"

"कुणी म्हंजी? आबांनी. मजूर लावून."

"किती मजूर व्हते?"

"मला काय म्हाईत? मी ल्हान व्हतो."

"सहा व्हते. आन् सातवी मी. त्यापायी शाळंतून काढली मला. सबंद उन्हाळा मुरमाच्या पाट्या वायल्या डोक्यावर. तू ढिगावर बसून चिचा खायचास."

कुंडलिक हसला. गंमत सांगतेय असं त्याला वाटलं. मग त्याने बहिणीकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सारजाबाईंनी इतकी वर्षं ते कुणाला मोजून दाखवलं नव्हतं.

राग गेला नव्हता. तो चांगला जागेवर होता, आणि तो कुठला आहे हे आता त्यांना दिसत होतं. आवाज चढवायची गरजच नव्हती. त्यांनी कागदांची घडी घातली आणि ते भावाच्या हातात दिले.

"सही करायची न्हाई."

कुंडलिकने ऋषीकडे पाहिलं. ऋषी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"गोळी..." कुंडलिकने सुरुवात केली.

"घेतली. सकाळी आठला, खाऊन. राती सात तास निजले व्हते. इचार सुनंला."

आत आरतीचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"वाटनी पायजे का तुला?"

"काय पायजे ते मी सांगन. सवडीनं."

कुंडलिकने हातातले कागद उलटसुलट केले. मग म्हणाला, "आक्का, तू वरडत व्हतीस त्येच बरं व्हतं."

तो उठला. कागद त्याने खिशात घातले, पण साडीच्या पिशवीपाशी हात अडखळला. ती उचलावी की ठेवावी, त्याला ठरवता येईना.

"ठेव तितंच," सारजाबाई म्हणाल्या. "भाऊ बहिनीला कागदाबिगरबी साडी देतो. बस, जेवून जा."

आणि ताटं घ्यायला त्या आत गेल्या.