गडाच्या वाटेवर रोवलेली काठी

थांबा. मला उपटण्याआधी जरा ऐकून घ्या. मी काठी बोलतेय. बांबूची, माणसाच्या छातीला लागेल एवढी, मुठीला निळं कापड गुंडाळलेली. आता इथं वाटेच्या कडेला रोवलेली दिसते, पण पूर्वी माझी जागा खाली होती, काझामिने गडाच्या पायथ्याला. तिथं पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात आम्ही वीसजणी उभ्या असायचो. पेटीवर पाटी होती, 'हवी तर न्या, उतरल्यावर परत ठेवा.' राखणीला कुणी नाही, नाव लिहून घ्यायला कुणी नाही. तरी इतक्या वर्षांत एकसुद्धा काठी कुणी पळवली नाही. इथली माणसं तशीच आहेत. दुसऱ्याची वस्तू सापडली की ती जागच्या जागी पोचेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

आणि याच चांगुलपणापायी एकदा एका बाईचा जीव जायची वेळ आली. तेच सांगायचंय. दमलेय मी फार. पण हे पोटात ठेवून कुजायचं नाही मला.

माझा जन्म या गडावरचाच. गड पडून चारशे वर्षं झाली. जिंकणाऱ्यांनी तटाचे कोपरे मुद्दाम पाडले आणि ते निघून गेले. मग इथं राहायला आलो आम्ही, बांबू. वाड्याच्या जोत्यावर आम्ही, विहिरीच्या काठाला आम्ही, तटाच्या दगडांच्या फटीतही आम्हीच. आमच्या मुळांनी दगड हलायला लागले तेव्हा खालच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी गड राखायचा संघ काढला आणि कोयते घेऊन वर आले. मला यासुहेईंनी कापलं.

दुखलं नाही असं कसं म्हणू? पण त्यांचा हात हलका होता. त्यांनी मला विस्तवावर फिरवून फिरवून शेकलं, अंगातून तेल सुटलं तसं चिंधीनं पुसलं, गुडघ्याखाली दाबून सरळ केलं. मूठ हाताला खरखरीत लागते म्हणून बायकोची, फुसाएची, शेतात घालायची जुनी विजार फाडली आणि तिचा पट्टा गुंडाळला.

"अहो, ती विजार अजून दोन वर्षं गेली असती!" फुसाए ओरडली.

"आता वीस वर्षं जाईल," यासुहेई म्हणाले, "आणि रोज गड चढेल. तुझ्यानं एकदा तरी होतंय का?"

"मी गड चढले तर जेवण कोण करेल? तुमचे सरदार?"

असं त्यांचं चालायचं.

मग माझं रोजचं सुरू झालं. चढायचं आणि उतरायचं. कधी दिवसातून तीन वेळा. माणसं पहिल्या वळणापर्यंत बोलतात, दुसऱ्या वळणाला नुसता श्वास टाकतात, आणि तिसऱ्याला विचारतात, "अजून किती?" जणू मलाच ठाऊक. वर पोचली की इकडं तिकडं बघून म्हणतात, "इथं तर काहीच नाही." मग एखाद्या दगडावर बसतात, दरीतलं धुकं बघत राहतात. उतरताना सगळा भार माझ्यावर. गुडघा दुखला की मला दाबायचं, पाय घसरला की मला दाबायचं. काठीचं कामच ते. पण रात्री पेटीत उभी राहिले की टोकापासून मुठीपर्यंत ठणकायचं.

संध्याकाळी इवाओ यायचे. यासुहेईंचे जुने मित्र, संघाचे मुख्य, वय एक्याऐंशी. त्यांचं घर पायथ्यालाच होतं. ते आम्हाला मोजायचे. वीस असल्या की गडावर कुणी राहिलं नाही. एकोणीस असल्या की ते पेटीजवळ बसून राहायचे, ती एक येईपर्यंत. मग प्रत्येकीच्या टोकाचा चिखल ओल्या फडक्यानं पुसायचे. मोजताना माझाही जीव टांगणीला लागायचा. कोण आली, कोण राहिली. विसावी आली की मगच माझा डोळा लागायचा.

कोयता घेऊन रान तोडणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. मोठी वाट सोडून रानात शिरायचं झालं की आपली काठी वाटेच्या कडेला रोवायची. मागून येणाऱ्याला कळतं, आपलं माणूस इकडून आत गेलंय. परत आलं की काठी उपटून घ्यायची. गावातली माणसं अशा काठीला कधी हात लावत नाहीत.

यासुहेई मला अशीच रोवायचे, उत्तरेच्या तटाकडे उतरताना. तटाखाली बुटक्या बांबूचं रान होतं. तिथं ते दर वर्षी खिडकीएवढी जागा साफ करायचे. तिथून थेट त्यांच्या घराचं अंगण दिसायचं. जेवायच्या वेळेला ते तिथून पांढरा पंचा हलवायचे आणि खाली फुसाए केरसुणी उंच करायची.

"प्रेम कसलं आलंय," ती शेजारणींना सांगायची. "मी काम करतेय की बसलेय ते बघतो मेला."

यासुहेई गेले त्याच्या पुढच्या वर्षी पेटीजवळच संघाची बैठक झाली. पाचजण उरले होते, सगळ्यांत तरुण चौऱ्याहत्तरचा.

"उत्तरेची बाजू आता आपल्याच्यानं होणार नाही," इवाओ मान खाली घालून म्हणाले. "दोरी बांधू आणि सोडून देऊ."

फुसाए सगळ्यांना चहा देत होती. तिच्या हातातली किटली थांबली. मग "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाली आणि पेले भरले.

नोव्हेंबर संपत आला होता. इवाओंची कंबर धरली होती, म्हणून दुपारी पेटीजवळ कुणी नव्हतं. एक वाजता फुसाए आली. पाठीला कोयता, पिशवीत भाताचे दोन गोळे आणि गरम चहा. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं वीसजणींतून निळ्या मुठीची मी बरोबर ओळखून काढली.

"चल गं," ती म्हणाली. "विजार माझी, म्हणजे तूही माझीच."

फोन ती घरी ठेवून आली होती. हरवेल म्हणून ती तो कधीच बाहेर काढत नसे.

वर पोचायला तिला सव्वा तास लागला. दोरीखालून वाकून ती माझ्यासकट उत्तरेच्या उतारावर थोडी उतरली. तिथली माती काळी, भुसभुशीत. मी आत रुतत होते. फांद्या धरायला तिला दोन्ही हात हवे होते. ती परत वर आली, मला वाटेच्या कडेला नीट रोवलं आणि एकटी उतरली.

काही वेळ कोयत्याचा आवाज येत राहिला. मग एकदम फांद्या मोडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

मी उभी राहिले. दुसरं काय करणार?

बऱ्याच वेळानं वाटेवर एक माणूस आला. शहरातला, पन्नाशीचा, टोपी घातलेला. हातात आमच्यातलीच एक काठी. काही माणसं गडागडावर जाऊन वहीत शिक्के मारून घेतात, तशांतला. मला बघून तो थांबला.

"अरेरे, कुणीतरी विसरलं वाटतं," तो म्हणाला. मग दरीकडे तोंड करून विचारलं, "कुणी आहे का?"

पण ते इतक्या हळू, की शेजारच्या झाडालाही ऐकू गेलं नसेल. रानात उगाच मोठ्यानं ओरडायचं, ही त्याला लाज वाटण्यासारखी गोष्ट होती. दोन क्षण वाट बघून त्यानं मला उपटलं. माझी वरवरची तांबडी माती हलकेच झटकली. दोन हातांत दोन काठ्या घेऊन तो गड उतरला.

प्रत्येक पावलाला मी ओरडत होते, अरे बाबा, मला तिथंच राहू दे. पण काठीचं कोण ऐकतो?

खाली त्यानं आम्हा दोघींना पेटीत ठेवलं. पेटीत एक वही असते, वर जाऊन आलेल्यांनी चार शब्द लिहायला. त्यात त्यानं नीट अक्षरात काहीतरी लिहिलं, पेटीपुढं कमरेत वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसून निघून गेला.

चार वाजता इवाओ कंबर धरून आले. ऊन डोंगराआड जायला लागलं होतं. त्यांनी मोजलं. अठरा, एकोणीस, वीस.

वीस! मला रडू यायचं तेवढं राहिलं.

"संपलं," म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला.

तेवढ्यात त्यांची बायको किनुए शाल घेऊन आली. "अहो, फडकं राहू द्या आज. एवढं वाकलात तर उद्या मलाच तुम्हाला पुसावं लागेल."

"हो गं बाई, राहू देतो," ते म्हणाले. झाकण अर्धं लावलं. मग पुन्हा उघडलं. "यासुहेईची तेवढी पुसतो. ती तशीच ठेवली तर तो स्वप्नात येऊन भांडेल."

त्यांनी मला बाहेर काढलं आणि टोकाला फडकं लावलं. हात थांबला.

"किनुए, हे बघ. काळी माती."

"मग? माती काळीच असते."

"मोठ्या वाटेची माती तांबडी आहे. काळी माती फक्त उत्तरेला. तिकडं आपण दोरी बांधलीय. ही काठी तिकडं गेली कशाला?" ते वहीकडे वळले. "वाच बरं काय लिहिलंय. माझा चष्मा घरी राहिलाय."

किनुएनं वही डोळ्यांजवळ धरून वाचलं, "'दुपारी वर एक काठी रोवलेली दिसली. कुणी विसरलं असावं, म्हणून खाली आणली आहे. गड इतका स्वच्छ ठेवल्याबद्दल मनापासून आभार. नागाकुबो.'"

"रोवलेली," इवाओ म्हणाले.

"फुसाए," किनुए म्हणाली आणि घराकडे पळालीच. तिनं फुसाएच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. मग अग्निशमनवाल्यांना लावला. त्यांना दूरच्या मोठ्या गावातून यायला पाऊण तास लागणार होता. तोवर अंधार. आणि अंधार पडला की वर सगळं गोठतं.

संघातले चौघं दिवे आणि दोर घेऊन आले. इवाओंनी हातात मला घेतलं. त्या दिवशी कंबर कुठं गेली होती कोण जाणे. वर पोचलो तेव्हा आभाळात जेमतेम उजेड होता. वाटेच्या कडेला मी रोवलेली होते ते भोक त्यांना सापडलं. मला त्यात टेकवून बघितलं. बरोबर बसले.

मग त्यांनी तोंडाशी हात धरून हाक मारली. माझ्या उभ्या जन्मात मी गडावर एवढी मोठी हाक ऐकली नव्हती.

"वहिनीऽऽ! फुसाए वहिनीऽऽ!"

थोडा वेळ काही नाही. मग खालून बारीक आवाज आला, "एवढ्यानं ओरडायला मी बहिरी आहे का?"

एकजण हसता हसता रडायला लागला.

ती तटाखाली एका दगडाला टेकून बसली होती. घोटा सुजून भोपळा झाला होता. ओठ निळे पडले होते, पण तोंड शाबूत होतं.

"इतका उशीर? काठी वर रोवली होती ना मी? दिसली नाही?"

"दिसली, वहिनी. एका भल्या माणसाला दिसली."

"तोंड पाहा त्याचं!"

"आणि दोरी बांधलेली तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली ना. वाकून आले," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "भावजी, अर्धीच साफ झाली हो. अंगण नाही दिसलं."

वर ओढताना दोर तिच्या हातातून निसटत होता. तेव्हा इवाओंनी मला खाली धरलं. माझी निळी मूठ तिनं दोन्ही हातांनी पकडली, दुसऱ्या टोकाला तिघं म्हातारे. मधेच माझ्या अंगातून कड्‌ असा आवाज आला. मी उभी तडकले. पण सुटले नाही. ती वर आली तेव्हा अग्निशमनवाल्यांचे दिवे वळणावर दिसायला लागले होते.

तडकलेली काठी लोकांना देता येत नाही. इवाओंनी मला तारेनं आवळलं आणि इथं उत्तरेच्या फाट्यावर कायमचं रोवलं. पेटीत आता एकोणीसजणी आहेत आणि मोजणी एकोणीसची. फुसाए चालते, पण लंगडते. गडावर आता नाही येत.

पुढच्या शरदात तो टोपीवाला पुन्हा आला. किनुएनं न राहवून त्याला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. आठवड्यानं मिठाईचा खोका घेऊन फुसाएच्या दारात उभा राहिला. इतका वाकला, इतका वाकला, की तीच म्हणाली, "अहो उठा, नाहीतर तुमची पण कंबर धरेल. मिठाई ठेवा. कोयता चालवता येतो का?"

नव्हता येत. शिकला. माझ्याजवळून उतरताना तो दर वेळी टोपी काढतो. यंदा त्यानं ती खिडकी पुरी साफ केली आणि तिथून पांढरा पंचा हलवला. खाली काय झालं ते मला इथून दिसलं नाही. पण वर आला तेव्हा तो डोळे पुसत होता आणि हसतही होता. "केरसुणी," एवढंच म्हणाला.

मी आता खालून कुजतेय. रोवलेला बांबू फार वर्षं टिकत नाही. बर्फ बसला की अंगातून कळ जाते. एखाद्या हिवाळ्यात आडवी होईन. चालेल मला. खूप चढले, खूप उतरले.

फक्त एवढं करा. कुठल्याही डोंगरावर अशी रोवलेली काठी दिसली तर ती विसरलेली आहे असं धरून चालू नका. तिला हात लावण्याआधी हाक मारा. लाज वाटली तरी मारा. मोठ्यानं मारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.