दहापैकी आठ

सून शिकवणार आणि सासू शिकणार, हे ऐकूनच अर्ध्या लोकांना हसू फुटायचं. फुटू दे. हसणाऱ्यांनी तो वर्ग पाहिला नव्हता.

लाँड्रीच्या वरची एक लांबट खोली. खालून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास वर यायचा, आणि मोठं मशीन फिरायला लागलं की खडूसुद्धा टेबलावर थरथरायचा. अकरा विद्यार्थी. त्यात टॅक्सीवाला, बेकरीवाला, बसच्या डेपोतला मेकॅनिक, इस्पितळात फरशी पुसणारी मावशी, आणि बाकीचेही असेच, दिवसभर उभं राहून पाय दुखलेले. सगळ्यांत मोठ्या सासूबाई, वय वर्षं सदुसष्ट. साऱ्यांच्या डोक्यावर एकच टांगती तलवार: नागरिकत्वाची मुलाखत. समोर साहेब, इंग्रजीतून प्रश्न, आणि मदतीला कुणी नाही. मुलाखतीला आता पंधरा दिवस उरले होते.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सुनेला बजावलं होतं, "हे बघ, जिन्याखाली मी तुझी सासू. जिना चढले की तू बाई आणि मी विद्यार्थिनी. नातं खाली चपलांजवळ ठेवायचं." आणि त्या शब्दाला जागल्या हो! बाई वर्गात आल्या की सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उभ्या राहणार, "गुड इव्हनिंग, मॅडम" म्हणणार. तासाभराने घरी पोचलं की त्याच तोंडाने, "अगं, दूध झाकलंस का?"

बाई हुशार, कामसू, पण डोक्यात कायम शंभर गोष्टी. ही खोली मिळवायला दोन वर्षं लाँड्रीवाल्याच्या मागे भुणभुण केली होती त्यांनी. त्याने अखेर कंटाळून किल्ली दिली, आणि त्या किल्लीचा बाईंना केवढा अभिमान! खोलीला एक मागचं दारही होतं. थंडीत त्याच्या फटीतून असा वारा यायचा की मावशी शाल सोडायच्या नाहीत. मग बाईंनी कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचं लोखंडी कपाट पुस्तकांसकट आणवलं आणि त्या दाराला टेकवून उभं केलं. वारा थांबला, शब्दकोशांची सोय झाली. बाई स्वतःवर बेहद्द खूश.

त्या आठवड्यात धडा होता चांगल्या नागरिकाच्या जबाबदाऱ्यांचा.

"चांगला नागरिक काय करतो?" बाईंनी विचारलं.

"सिग्नल पाळतो," टॅक्सीवाला म्हणाला. "पोलीस उभा असला तर नक्कीच."

"कर भरतो," मेकॅनिक म्हणाला आणि सुस्कारा सोडला.

"मत देतो. शेजाऱ्याला त्रास देत नाही. कचरा डब्यात टाकतो," मावशींनी घडाघडा म्हणून दाखवलं. मावशींचं पाठांतर पक्कं.

"सगळं बरोबर," बाई म्हणाल्या. "पण अजून एक आहे. चुकीचं दिसलं की गप्प बसत नाही. भांडत नाही, आरडाओरडा करत नाही. योग्य ठिकाणी जाऊन सांगतो." त्यांनी नगरपालिकेतून तक्रारीचे कोरे फॉर्म आणले होते, अगदी खरेखुरे, ते वाटले. "तुमच्या नेहमीच्या वाटेवरची एक गोष्ट लिहून आणा. आणि लक्षात ठेवा, फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो खिडकीवर पोचला पाहिजे." असं म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: खिडकी नंबर चार.

सासूबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दोन दिवसांनी अकरा फॉर्म बाईंच्या पिशवीत जमा झाले. बाईंनी ते कसे तपासले म्हणता? एक डोळा गॅसवर, फोन खांद्याने कानाला लावलेला, आणि लाल पेन चाललंय सपासप. स्पेलिंग, पूर्णविराम, इथे मोठं अक्षर, तिथे एक शब्द राहिला. सासूबाईंचा फॉर्म बघून मात्र त्या थांबल्या. किती सुबक अक्षर! जेमतेम दोन चुका! त्यांनी आठ गुण दिले, एक चांदणी काढली आणि शेजारी लिहिलं, 'व्हेरी गुड!'

बाकीच्यांचे फॉर्म पुढच्या तासाला मिळणार होते. सासूबाईंचा घरच्या घरी मिळाला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून मुलाला दाखवला. "आठ! दहापैकी! तुला शाळेत कधी पडले होते?" मुलगा म्हणाला, "आई, तुझी परीक्षक ओळखीची आहे." त्यावर त्याला चमच्याने मारायला त्या उठल्या.

चार दिवसांनी, तास अर्ध्यावर आलेला असताना, दारावर टकटक झाली. एक किडकिडीत, अदबशीर गृहस्थ आत आले. नगरपालिकेच्या सुरक्षा विभागाचे तपासनीस. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, कपाटापाशी गेले, त्याच्यामागे वाकून बघितलं आणि खिशातून एक कागद काढला.

"हा अर्ज तुमच्या वर्गातून आलाय का?"

बाईंनी कागद पाहिला. दोन चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या. कोपऱ्यात चांदणी. दहापैकी आठ. व्हेरी गुड!

"ही लाल शाई कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही हे वाचलंय."

तो कागद बाईंनी आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा वाचला. साधी छोटी वाक्यं होती. आमच्या वर्गाला मागचं दार आहे. त्याच्यासमोर लोखंडी कपाट आहे. खाली इस्त्र्या चालतात. आग लागली तर आम्ही बारा जण एका लाकडी जिन्याने उतरणार. कृपया येऊन बघा.

"मी सात वर्षं ही नोकरी करतोय," तपासनीस म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते, "इतका स्वच्छ अर्ज माझ्याकडे आलेला नाही." मग त्यांनी पुढच्या दारावर नोटीस चिकटवली. मागचा रस्ता मोकळा होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत खोली बंद.

विद्यार्थी वह्या गोळा करून खाली उतरले. कुणी कुणाकडे बघेना. मुलाखतीला नऊ दिवस राहिले होते, आणि लाँड्रीवाला आता किल्ली परत मागणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. सासूबाई शेवटी उतरल्या, एकेक पायरी, कठडा धरून.

घरी आल्यावर बाईंचा बांध फुटला. त्यांचा नवरा असल्या वेळी मध्ये न पडण्यात पटाईत. तो कचऱ्याची पिशवी उचलून जो गेला तो बराच वेळ आलाच नाही.

"मला सांगायचं होतं ना, आई! एका घरात राहतो आपण! चार लोकांसमोर माझं नाक कापलं गेलं. माझ्याच लाल शाईने!"

सासूबाई चहा गाळत होत्या. "सांगितलं होतं. थंडीत. तू म्हणालीस, आई, वारा येतो. पुन्हा एकदा सांगितलं, तू म्हणालीस, हो हो, बघू. मग लिहून दिलं." त्यांनी कप सुनेपुढे सरकवला. "त्यावर तू आठ दिलेस. मला वाटलं, पटलं तुला."

बाई खुर्ची ओढून बसल्या.

सासूबाई समोर बसल्या. "तुला एक सांगू? लग्नाआधी मी कपड्यांच्या कारखान्यात होते, माहितीय ना तुला. चाळीस बायका एका हॉलमध्ये. मागच्या दाराला मालकाचं कुलूप. बायका मध्येच उठून जाऊ नयेत म्हणून. सव्वादोन वर्षं मी ते कुलूप बघत होते. बटणं लावणारी एक होती, माझी जिवाची मैत्रीण. मशीनच्या आवाजावरून तिचं हसणं ऐकू यायचं. एक दिवस दुपारी धूर झाला. मी पुढच्या दारापाशी होते. ती मागे होती."

चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही.

"नंतर सगळ्या रडत म्हणायच्या, आपल्याला माहीत होतं. माहीत चाळीसच्या चाळीस जणींना होतं गं. पण सांगायचं कुणाला? कुठल्या कागदावर, कुठल्या खिडकीवर? एकीलाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मला वाटत राहिलं की ते काहीतरी फार अवघड असणार, मोठ्या माणसांचं. आणि परवा तू फळ्यावर लिहिलंस, खिडकी नंबर चार." सासूबाई म्हणाल्या. "गेले. रांगेत उभी राहिले. त्या माणसाने शिक्का मारला, पोचपावती दिली. दहा मिनिटं लागली. मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसले आणि म्हटलं, एवढंच होतं होय?"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तुझा राग नव्हता मला. तुझा वर्ग बंद पडावा असं मला वाटेल का? तू शिकवलंस तेच केलं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझे उपकार आहेत माझ्यावर. पन्नास वर्षांचं ओझं उतरवलंस, आणि तुला पत्तासुद्धा नाही."

त्या संध्याकाळी बाईंनी पिशवीतले उरलेले दहा फॉर्म बाहेर काढले आणि लाल पेन न घेता वाचले. टॅक्सीवाल्याने लिहिलं होतं की शाळेसमोरचे पांढरे पट्टे पुसले गेलेत आणि गाड्या थांबत नाहीत. बाईंनी शेरा मारला होता, 'अक्षर सुधारा.' मेकॅनिकच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबातून तारा बाहेर आल्या होत्या, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. त्यावर शेरा, 'वाक्य अपूर्ण.' मावशींनी लिहिलं होतं की इस्पितळाबाहेरचा उतार फुटलाय, म्हणून चाकाची खुर्ची भर रस्त्यातून ढकलावी लागते. सात गुण. बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाँड्रीवाल्याकडे गेल्या, सगळं सरळ कबूल केलं, हात जोडले. त्याने खाकरून इकडेतिकडे पाहिलं. मागच्या जिन्याखाली त्याच्याच टोपल्यांचा ढीग लागला होता, तेव्हा तो तरी कुठल्या तोंडाने चिडणार! "किल्ली राहू द्या तुमच्याकडे," तो म्हणाला. "टोपल्या मी हलवतो."

दुपारी अख्खा वर्ग हजर. पुस्तकं उतरवली, कपाट सरकवलं. कडी गंजून घट्ट बसलेली. मेकॅनिकने तेल सोडलं, हातोडीने दोन ठोके घातले, टॅक्सीवाल्याने खांदा लावला, आणि दार करकरत उघडलं. मागे लोखंडी जिना होता, मजबूत, रुंद. त्यावर ऊन पडलं होतं. सासूबाई एकट्या पुढे झाल्या, तो जिना शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या, खाली उभं राहून वर बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

तपासनीस यायला चार दिवस लागले. तोवर वर्ग बुडाला म्हणता? छे! बाईंनी सगळ्यांचे फॉर्म परत दिले आणि विचारलं, "हे सगळं खरं आहे?"

"म्हणजे काय बाई! खोटं लिहायचं होतं का?" टॅक्सीवाला बुचकळ्यात पडला.

मग ते चार दिवस वर्ग भरला नगरपालिकेच्या रांगेत. पुढे मावशी, मागे बेकरीवाला, आणि बाई रांगेच्या कडेकडेने फिरत प्रश्न विचारतायत. प्रत्येकाने आपला फॉर्म आपल्या हाताने खिडकी नंबर चारवर दिला आणि आपलं म्हणणं आपल्या इंग्रजीत सांगितलं. पोचपावती मिळाली की जो तो ती दोनदा वाचायचा. मग आधी सासूबाईंना दाखवायचा, नंतर बाईंना.

त्या रांगेतच बाई सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "आई, त्या फॉर्मला मी दहा द्यायला हवे होते."

"मुळीच नाही. दोन चुका होत्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि नातं चपलांजवळ ठेवायचं ठरलंय आपलं, मॅडम."

मुलाखतीच्या दिवशी बाई बाहेरच्या बाकावर नखं खात बसल्या होत्या. वर्ग तर परत सुरू झाला होता, पण मधल्या दिवसांत पुस्तकातला अभ्यास हुकला तो हुकलाच, आणि सासूबाईंना तारखा कधीच पाठ व्हायच्या नाहीत. त्या नापास झाल्या तर माझ्या कपाटामुळे होतील, हेच बाईंच्या मनात घोळत होतं. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, पर्स छातीशी धरलेली, चेहऱ्यावरून काही पत्ता लागेना.

"काय झालं? काय विचारलं?"

"तारखा विचारल्या. एक चुकली. मग साहेब म्हणाला, चांगल्या नागरिकाची एक जबाबदारी सांगा. मी म्हटलं, चुकीचं दिसलं की योग्य ठिकाणी सांगणे. तो म्हणाला, हे पुस्तकातलं झालं, तुम्ही स्वतः कधी काय केलंय?"

"मग?"

"मी पोचपावती काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं, मी माझ्या सुनेची शाळा बंद पाडली."

"आई!"

"त्याने पेनच खाली ठेवलं गं. मग मी म्हटलं, चारच दिवस, साहेब. आता चालू आहे. आता तिला दोन दारं आहेत." सासूबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून सुनेच्या हातात दिला. पास. "तो म्हणाला, कुणी शिकवलं तुम्हाला हे? मी बोट दाखवलं. काचेतून तू दिसत होतीस, नखं खात."

बाईंनी वर पाहिलं. काचेपलीकडचा साहेब त्यांच्याकडेच बघत होता. त्याने उभं राहून मान लववली. बाईंना तिथेच रडू कोसळलं, आणि सासूबाई रुमाल शोधत म्हणाल्या, "पूस डोळे. अजून दहा जण आत जायचेत तुझे."