शेंदराखालची पाटी

माझे यजमान साहेबराव अंबडच्या कोर्टात वकील. दुसऱ्याच्या खरेदीखतात चूक शोधायला बसले की त्यांच्यापुढचा चहा गार होतो. पण स्वतःला काही घ्यायचं असलं की या माणसाची अक्कल घरी राहते आणि नुसतं मन बाजारात जातं. चौऱ्याहत्तर साली त्यांनी घनसावंगीच्या प्रभावतीकाकूंची जुनी हिलमन मोटार घ्यायचं कबूल केलं आणि तिचे कागद कुठे आहेत हे विचारायचंच विसरले. ते मी विचारलं. मी शाळेत शिकवते, दाखल्याशिवाय पोर वर्गात घेत नाही. बिनकागदाची गाडी दारात कशी उभी राहू देईन?

गाडी साधीसुधी नव्हती. काकूंचे यजमान डॉक्टर अण्णासाहेब विलायतेला शिकायला गेले आणि परतताना तिला बोटीवर घालून घेऊन आले. कुठल्या कंपनीमार्फत नाही, स्वतःच्या नावावर. मुंबईला जकात भरली आणि निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरी, म्हणजे तिथली जकात, पुन्हा भरली. माझे सासरे पुंजाराम, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, डॉक्टरांच्या मळ्यात कामाला होते. पावसाळ्यात गाडी गावाबाहेरच्या नाल्यात रुतली की हाक आबांना जायची. आबांनी ती गाडी वर्षानुवर्षं ढकलली, पण आत कधी बसले नाहीत. बस, असं कोणी म्हणालंच नाही.

म्हणून साहेबरावांना तीच गाडी हवी होती, दुसरी कोणी फुकट दिली असती तरी नको होती. आबांना तिच्यात बसवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण आबांनी अट घातली.

“गाडीच्या बुकात तुझं नाव चढू दे, मंग बसतो. दुसऱ्याच्या गाडीत बसलो अन् कोनी उतर म्हनलं, तर या वयात तोंड कुठं दावू?”

 

मग मी कागदांच्या मागे लागले. डॉक्टर तीन वर्षांपूर्वी गेलेले आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर. म्हणून मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, नागपूरच्या मुलीची संमती. गाडीच्या नोंदणीचं बुक, विमा, मधली वर्षं गाडी उभीच होती असं कळवल्याचा अर्ज. करोडगिरीची पावती उर्दूत होती. पण साहेबरावांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली, त्यामुळे ती त्यांनी स्वतः वाचली, तीही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. काकू दिवाळीआधी कायमच्या नागपूरला जाणार होत्या. जालन्याचा एक भंगारवाला मात्र दोनदा येऊन गाडी बघून गेला होता. त्याला कुठलाच कागद नको होता.

औरंगाबादचे मोटारींचे इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा जालन्याला कॅम्प घ्यायचे. दसरा झाला आणि आम्ही निघालो. गाडी चालवायला काकूंचा जुना ड्रायव्हर कारभारी, शेजारी सही करायला काकू, मागे आम्ही दोघं. आबा एसटीनं आले. आमच्या आधी पोचून ते लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते.

“यायलात व्हय?” ते म्हणाले. “मला वाटलं, ढकलायला बोलावता का काय.”

इन्स्पेक्टरांनी एकेक कागद सावकाश पाहिला. “कागद उत्तम आहेत,” ते म्हणाले, आणि साहेबरावांनी जणू आपणच ते जमवले अशी मान हलवली. “आता चेसिस नंबर दाखवा. पेन्सिलीनं छाप घ्यावा लागेल.”

नंबर सापडेना. कारभारी गाडीखाली शिरला, साहेबराव काळा कोट घालूनच इंजिनात वाकले. गंज आणि वंगण यांच्याशिवाय काही हाती लागलं नाही.

“बाहेरून आलेली गाडी आहे, वकीलसाहेब,” इन्स्पेक्टर म्हणाले. “एका गाडीचे कागद आणि दुसरीच गाडी, असंही पाहिलंय मी. हे कागद हिचेच, हे मी कशावरून मानू? चारपर्यंत बसतो. नाहीतर दिवाळीनंतर या.”

दिवाळीनंतर काकू नसणार होत्या. आबा लिंबाखालून सगळं ऐकत होते, आणि त्यांनी हळूच खिशातले परतीच्या एसटीचे पैसे चाचपले. ते पाहून माझं डोकं फिरलं.

इंजिनामागच्या पत्र्यावर शेंदराचा एक गोळा होता, नारळाच्या वाटीएवढा. तो आम्ही पहिल्या दिवसापासून पाहत होतो. आम्ही बौद्ध, देवपूजा सोडलेली माणसं. पण दुसऱ्याच्या देवाला उगाच बोट लावायचं नाही, हे आम्ही नवराबायकोनं न बोलता ठरवलं होतं. आता राग कुणावर तरी काढायचा म्हणून मी कारभारीवर काढला.

“एवढ्या मोठ्या गाडीत देव नेमका हितंच कशाला बसवला हो?”

“देव न्हाई बाई तो,” कारभारी म्हणाला. “पैल्या दसऱ्याला डॉक्टरसायबाला म्या इचारलं, पूजा कुठं करू, हिचं तोंड कोनतं तेच कळून न्हाई राह्यलं. सायेब म्हनले, ही पितळंची पाटी म्हंजी गाडीची कुंडली. मंग तिलाच शेंदूर लावला. दर दसऱ्याला लावतो, तेलात कालवून. यंदाबी लावला.”

“पाटी?” मी म्हणाले. “कुठली पाटी?”

कारभारीनं गोळ्याकडे पाहिलं आणि हात तोंडावर नेला.

साहेबराव लगेच खिशातली किल्ली काढून पुढे झाले. काकूंनी त्यांचा हात अडवला.

“शेंदराची खोळ खरवडत नसतात. ती आपोआप गळते, मग गंगेत सोडतात.”

साहेबराव कायदा सांगायला लागणार होते. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. मग मी काकूंना म्हणाले, “काकू, मी पूजा करणार नाही. पण घाण म्हणूनही काढणार नाही. तुम्ही सांगाल तसं काढते.”

काकूंनी साहेबरावांचा हात सोडला. आबा त्यांना बाईसाहेब म्हणत, मी काकू म्हणायचे. हे त्यांना आवडतं की चालवून घेतात, मला कधी कळलं नव्हतं.

“तेल कोमट करून आण,” त्या म्हणाल्या. “चाकू लावू नकोस. मी खाली ताट धरते.”

भजीवाल्याकडून तेल आणलं, ताटही त्याचंच. मी अंगठ्यानं कडेकडेनं तेल मुरवत गेले. वेळ लागला. शेवटी खोळ अख्खी सुटली आणि काकूंच्या ताटात उताणी पडली. तिच्या आतल्या बाजूला अक्षरं आणि आकडे उलटे उमटले होते. गाडीचा सांगाडा गंजला होता, पण पाटी कालच ठोकल्यासारखी चकचकीत होती.

इन्स्पेक्टरांनी कागद ठेवून पेन्सिल घासली. साहेबराव उर्दू पावतीवरून एकेक आकडा वाचत गेले आणि छापावर तोच आकडा निघत गेला. मग बुकात नाव चढलं.

“काय लिवलं?” आबांनी विचारलं.

“साहेबराव पुंजाराम,” मी वाचून दाखवलं.

“म्हंजी माझंबी नाव हाये त्यात?”

“आहे की.”

आबांनी वहाणा झटकल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

परतताना घनसावंगीजवळच्या त्याच नाल्यात गाडी रुतलीच. कारभारीनं मागे वळून पाहिलं, सवयीनं. आबांनीही सवयीनंच दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. पुढे मांडीवर ताट घेऊन बसलेल्या काकू वळल्या. आजवर त्या वळल्या की मागच्या काचेतून आबा दिसायचे. आज मधे काच नव्हती.

आबांनी पाय आत घेतला आणि दार लावलं.

“साहेबराव,” ते म्हणाले, “तू उतर. मी न्हाई उतरत. बुकात नाव हाये माझं.”

काळ्या कोटातले वकील चिखलात उतरले. मी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं हात लावले. काचेतून आबांचा पटका दिसत होता. ते नाकासमोर बघत बसले होते. एकदाही मागे वळले नाहीत. मला इतकं बरं वाटत होतं की गाडी चिखलातून निघाली तरी मी चार पावलं ढकलतच राहिले.