माईकवरचं मीठ

तंबू दिसला की सुभाष साळवींना युद्ध आठवायचं, तेही जन्माआधीचं. कुवेतमध्ये थंडी पडली आणि मराठी मंडळाची वाळवंटातली सहल निघाली की ते माईक हातात घ्यायचेच. दुसऱ्या महायुद्धात, इजिप्तच्या वाळवंटात, कुबड्या घेऊन हिंडणाऱ्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने मूठभर टगे गोळा केले आणि त्यातून एसएएस ही जगप्रसिद्ध कमांडो तुकडी उभी राहिली. "पण पहिला छापा कुणावर, ठाऊक आहे?" सुभाष विचारायचे. "शत्रूवर नव्हे! राहायला तंबू नव्हते, म्हणून शेजारच्या न्यूझीलंडवाल्यांच्या छावणीतून चोरले. आपल्याच बाजूच्यांचे! पियानोसुद्धा उचलला म्हणतात."

सगळ्यात मोठ्याने हसायचा तो हुसेन. कुवेतच्या फहाहील भागातला, मूळचा रत्नागिरीचा दुकानदार, सुभाषचा जिवलग आणि मंडळाच्या मोठ्या तंबूचा मालक.

तीन वर्षांपूर्वी मात्र हुसेनने सहलीला मटण रांधलं आणि सुभाष म्हणाले, "मीठ जास्त झालंय, हुसेन." मित्राला हे कानात सांगावं. यांनी माईकवर सांगितलं. हुसेन उठला, तंबू गुंडाळला आणि निम्मं मंडळ घेऊन चालता झाला. मराठी माणसाला नवं मंडळ काढायला एवढं कारण पुष्कळ होतं. तेव्हापासून दोन्ही मंडळं जहरा गावाच्या पलीकडे एकाच दिवशी, शेजारी शेजारी उतरायची. त्याशिवाय समोरच्यांची गर्दी मोजायची कशी?

यंदा बातमी आली, की हुसेन दुकान विकून कायमचा रत्नागिरीला निघाला. सुभाषना जेवण गोड लागेना.

"एक फोन करा," सुमेधा, त्यांची बायको, म्हणाली.

"त्याने करावा."

"बसा मग सुंभ जळला तरी पीळ घेऊन."

सहलीच्या शुक्रवारी सुलैबिया भागातला भाड्याने तंबू देणारा आलाच नाही. वारा सुटलेला, पोह्यांत वाळू. सुभाषनी सकाळभर त्याच्या नावाने शिमगा केला. मग त्यांना दिसलं, की हुसेनच्या छावणीबाहेर एक जादा तंबू गुंडाळून पडलाय. दुपारी हुसेनची माणसं जुम्म्याच्या नमाजाला जहराला गेली, उरलेली भेंड्यांत रंगली. सुभाषच्या डोळ्यांत इजिप्त चमकलं.

"काका, सरळ मागू या ना," मंडळाचा तरुण सेक्रेटरी अनुप म्हणाला.

"मागायचंच असतं तर तीन वर्षं तोंड शिवून कशाला बसलो असतो? उचल!"

दोघांनी तंबू धापा टाकत, खांब पाडत आणला. वारा इतका, की बायकापोरांसकट सगळे दोर धरून उभे राहिले. कापड ताणलं गेलं आणि एका कोपऱ्यात सुमेधाने पूर्वी शिवलेलं निळं ठिगळ दिसलं. हा तोच तंबू होता. सुभाषना एकदम गलबलून आलं.

"अहो, मटण!" सुमेधा ओरडली.

चुलीवरचं पातेलं गायब होतं. त्याच्या जागी मिठाचा पुडा ठेवलेला होता.

सुभाष तरातरा शेजारच्या छावणीत शिरले. हुसेन पातेल्यापाशी बसून रस्सा चाखत होता. त्याने शांतपणे माईक उचलला.

"मीठ कमी आहे, सुभाष."

दोन्ही मंडळं खदखदून हसली.

"चोर!" सुभाष म्हणाले.

"मी चोर? रे मेल्या, तुझा शिमगा सकाळपासून इथवर ऐकू येत होता. म्हणून तर तंबू बाहेर काढून ठेवला. ती गोष्ट वीस वर्षं ऐकलीय, तू काय करणार ते मला ठाऊक नाही?"

सुभाषनी माईक ओढून घेतला. घसा खाकरला. "त्या दिवशी... मटणाला मीठ बरोबर होतं."

"खोटं नको बोलूस. खारटच होतं. मी घरी जाऊन बायकोला, रुकय्याला, तेच सांगितलं." हुसेन जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तंबू ठेव तुझ्याकडे. रत्नागिरीत कुठे लावू? पण चोरलेला म्हणूनच ठेव. दिलेल्याचे आभार मानावे लागतात, आणि तुला तेही माईकवर मानायचे असतात."

सुभाषनी आधी माईक बंद केला आणि मग हुसेनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.