वस्तादांची पडद्यावरची पोरं

मी एक जुना संगणक आहे आणि मित्रांनो, मी जन्मापासूनच थोडा गोंधळलेला आहे. माझा पडदा एकीकडून आला, कळफलक दुसरीकडून, आणि पोटातला पंखा तर कुठल्याशा बंद पडलेल्या संगणकातून काढलेला. जिन्याखालच्या अरुंद दुकानात एका दुरुस्तीवाल्याने हे सगळे स्क्रू पिळून एकत्र केले आणि तो म्हणाला, "चल, झालास तू!" मी काय झालो, ते मात्र त्याने सांगितले नाही.

ज्या घरात मला आणले तिथे तीन माणसे राहत. वडील पोरांना बॉक्सिंग शिकवत. सगळी गल्ली त्यांना वस्ताद म्हणत असे. आई घरीच शिवणकाम करी. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे असे काही ना काही तिच्या मशीनखाली सतत सरकत असायचे. त्यांची लेक कॉलेजात होती आणि मला तिच्यासाठीच घेतले होते. सुरुवातीला माझे काय कौतुक! पाहुणे आले की त्यांना आधी मला दाखवत आणि मग पाणी देत. लेक माझ्या पडद्यावर निबंध लिही, चित्रे काढी, आणि मी अडखळलो की एक चापट देई. ती चापटही मला आवडायची.

मग तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तिने पातळसा, बगलेत मावणारा नवा संगणक घेतला. माझ्यावर पडद्याचे उरलेले कापड टाकले गेले. त्या कापडावर इस्त्रीचे कपडे आले, कपड्यांवर सुतळीचे गुंडे आले. आपण संगणक आहोत की टेबल, हा प्रश्न मला तेव्हा पडू लागला.

त्याच काळात वस्तादांचे काहीतरी बिनसले. मी कापडाखाली होतो, त्यामुळे मला फक्त ऐकू यायचे. एकदा ते तालमीतून घरी आले ते, आईच्या बोलण्यावरून कळले, एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्या पायात कुणा पोराचा घालून. भाजीत मीठ घातले का म्हणून विचारत आणि उत्तर मिळायच्या आत पुन्हा घालत. शेवटी तालमीच्या मालकांनी त्यांना घरी पाठवले.

"विश्रांती घ्या म्हणाले," वस्ताद बायकोला सांगत होते. "किती दिवस, ते नाही म्हणाले."

त्यानंतर ते खिडकीशी बसून राहत. घरात फक्त शिवणयंत्राचा आवाज असे.

सुट्टीत लेक आली. तिने सुतळी उचलली, कपडे उचलले, माझ्यावरचे कापड झटकले, पोटातली धूळ काढली आणि माझ्यात एक खेळ घातला. खेळ बॉक्सिंगचा होता, पण त्यात आपण ठोसे मारायचे नसतात. आपण तालीम चालवायची. बॉक्सर निवडायचे, कोण कोणत्या वजनगटात उतरणार ते ठरवायचे, कोणी कोणत्या ढंगाने खेळायचे ते सांगायचे. मग झुंज लागली की पोरे आपापली लढतात आणि आपण नुसते बघत बसायचे.

पडद्यावर पहिला बॉक्सर आला. उंच, लांबलचक हातांचा. वजनगट निवडा, असे मी खाली लिहिले.

वस्तादांनी चष्मा सावरला. "काटा आण," ते लेकीला म्हणाले.

"बाबा, काटा नको. त्याचं वजन तिथंच लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?"

"खेळानंच."

"मग खोटं असेल. मॅचच्या आधी सगळी पोरं वजन खोटं सांगतात."

ते उठले, वजनकाटा घेऊन आले आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवून वाट बघू लागले. मला काही उमजेना. मी त्यावर चढायचे होते का? लेकीने ओढणीच्या टोकाने तोंड झाकले. ती हसत होती की काय करत होती, तेही मला कळले नाही.

पण एकदा सुरुवात झाल्यावर वस्तादांचे डोळे असे काही उघडले, की आई मशीन थांबवून दारात येऊन उभी राहिली.

"हा लंबू," ते म्हणाले. "हलक्या गटात घाल, लाइटवेटमध्ये. हात लांब आहेत, दुरून खेळेल. ह्याला कुणाच्या जवळ जाऊ द्यायचं नाही." दुसरा आखूड आणि जाड मानेचा होता. "हा गट्टू. हा आत घुसणारा. दोन ठोसे खाईल नि चार देईल." तिसऱ्याचे चित्र आले तेव्हा ते जरा थांबले. त्या पोराची नजर खाली होती. "हा घुम्या. हा वाट बघणारा. समोरचा चुकला की मगच हात उचलेल."

लेक परत गेली आणि रोज सकाळी वस्ताद अंघोळ करून, बूट घालून माझ्यापुढे बसू लागले. "डावा! अरे, डावा वापर!" असे ओरडत. लंबू जिंकला की टेबलावर बुक्की मारत आणि माझा पडदा हलत असे. इतक्या वर्षांनी मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

मात्र हे असे सरळ चालले नाही.

एका सकाळी ते म्हणाले, "एवढा उंच पोरगा हलक्या गटात कोणी कोंबला?" आणि लंबूला त्यांनी थेट भारी गटात टाकले. दुसऱ्या सकाळी म्हणाले, "अरे, हा काडीसारखा पोरगा भारी गटात? मरेल ना!" आणि त्याला पुन्हा खाली आणले. दोन्ही वेळा त्यांनीच केले होते. मला ते माहीत होते. पण हे सांगायला माझ्याकडे बटण नव्हते, आणि असते तरी सांगावे की नाही, हे मला ठरवता आले नसते. गट सारखा बदलला की या खेळात पोराचा दम कमी होतो. लंबूच्या नावाखालची दमाची हिरवी पट्टी आखूड होत चालली.

"तू हात लावतेस ना ह्याला?" त्यांनी बायकोला विचारले.

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

त्या दिवशी ती खरे बोलत होती. दुसऱ्या दिवशी जेवण झाले, वस्ताद आडवे झाले, आणि गळ्यात मापाची फीत घातलेली ती माझ्यापुढे येऊन बसली. वस्तादांचा हात जड, माउस दाबला की टेबल करकरायचे. तिचा हात कापड चाचपावे तसा. लंबूला तिने जागेवर आणले. मग बाकीच्या पोरांकडे गिऱ्हाईक उभे असल्यासारखे निरखून बघितले.

"ह्या गट्टूची छाती चाळीसच्या वर आहे," ती पुटपुटली. "ह्याला ह्या गटात घातलं तर शिवण उसवणार." तिने त्याला वरच्या गटात नेले, आणि ते चुकीचे निघाले. घुम्याला तिने आक्रमक करून टाकले. "असा मुखदुर्बळ राहिला तर कसं व्हायचं ह्याचं?"

सकाळी वस्ताद त्याला पुन्हा वाट बघणारा करत. दुपारी ती त्याला आक्रमक करी. मित्रांनो, त्या घुम्याची अवस्था काय सांगू! रिंगमध्ये तो तावातावाने अर्ध्यापर्यंत जाई आणि मध्येच थबकून उभा राही, हात ना वर ना खाली. लोक त्याला हसत असतील. मला मात्र तो पुरेपूर कळत होता.

तो हरत गेला. डॉक्टरांनी याला विश्रांती सांगितली आहे, अशी सूचना मी पडद्यावर दिली. त्या सकाळी वस्तादांनी ती वाचली, मान डोलावली, आणि वाचलेले विसरून त्याला भारी गटात उतरवले.

घंटा झाली. समोरचा आडदांड गडी ठोसे मारू लागला. घुम्या थबकला तो थबकलाच.

"खाली बस!" वस्ताद ओरडले. "खाली बस रे पोरा! अगं, टॉवेल! टॉवेल दे लवकर!"

काहीतरी सांडले असे समजून ती स्वयंपाकघरातून फडके घेऊन धावत आली. त्यांनी ते हिसकावले आणि माझ्यावर फेकले. खऱ्या रिंगमध्ये टॉवेल पडला की झुंज थांबते. या खेळात तशी सोयच नव्हती. फडके माझ्या तोंडावर लोंबत राहिले आणि त्याच्याआडून ठोशांचे आवाज येतच राहिले. वस्तादांनी फडक्याचे टोक उचलून बघितले. मग ते टेबलाखाली वाकले आणि त्यांनी माझी वायर उपटली.

त्यानंतरचे मला काही ठाऊक नाही.

मी शुद्धीवर आलो तेव्हा लेक आली होती आणि एक अनोळखी दुरुस्तीवाला माझ्या पोटात टॉर्च मारत होता. "यंत्र ठीक आहे," तो म्हणाला, "पण खेळात साठवलेलं सगळं गेलंय." मी माझ्या आत शोधून पाहिले. लंबू नव्हता. गट्टू नव्हता. घुम्याही नव्हता. दुरुस्तीवाल्याच्या पाठोपाठ, आईने "जा, मी बघते" म्हटल्यावर, लेकही कामावर निघून गेली.

सकाळी वस्ताद बूट घालून येऊन बसले. "पोरं कुठायत?"

"येतील हो," बायको म्हणाली.

रोज ते विचारत आणि रोज ती हेच सांगे. असे सांगणे बरोबर होते का? मी अजून विचार करतो. कारण एका सकाळी शिवणयंत्र जोरात चालू असताना दाराची कडी वाजली, आणि यंत्र थांबले तेव्हा खुर्ची रिकामी होती. आईच्या चपला जिन्यावरून धावत गेल्याचे मी ऐकले. शेजाऱ्यांच्या हाका ऐकल्या. लेकीला फोन करून ती "लवकर ये" एवढेच म्हणाली.

लेक मिळेल त्या गाडीने आली, आणि उन्हे कलल्यावर दोघी त्यांना घेऊन आल्या. ते बसच्या डेपोत सापडले होते. एका ड्रायव्हरने त्यांना बाकावर बसवून ठेवले होते.

"म्हणत होते, माझी पोरं हरवलीत," लेक हळू आवाजात म्हणाली. "ड्रायव्हरनं नावं विचारली, तर सांगता येईनात. रडत होते, आई."

आई खाली बसली. "काढून टाक तो खेळ. माझंच चुकलं, मी आधीच थांबवायला हवं होतं. आणि ह्या डब्याला भंगारात दे."

माझा पंखा गरगरला. लेकीने बाबांच्या पायांतले बूट काढून ठेवले. मग म्हणाली, "खेळ काढला तर बाबांना पोरं आणून कुठून द्यायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी माझ्यापुढे बसल्या. या खेळात आपल्या हाताने नवे बॉक्सर घडवता येतात. उंची, हात, चेहरा, सगळे. लंबू उभा राहिला आणि वजनगटावरून दोघींची जुंपली.

"वेल्टरवेट होता तो, आई. लाइटच्या वरचा गट."

"छे! लाइटवेट. मीच घालत होते ना त्याला रोज..." आणि तिने जीभ चावली.

लेक तिच्याकडे बघतच राहिली. "तू?" आणि मग दोघी इतक्या हसल्या की वस्ताद आतून उठून आले.

"काय चाललंय?"

"बाबा, बसा इथं," लेकीने खुर्ची ओढली. "आमचं अडलंय. ह्याचा गट कोणता?"

वस्तादांनी लंबूकडे बघितले. ओळख पटली की नाही, सांगता येत नाही. "वेल्टर," ते म्हणाले. लेकीने वेल्टर दाबले. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही, लाइट." तिने लाइट दाबले. कोणी चूक म्हणाले नाही. कोणी मघाशी काय बोललात म्हणून विचारले नाही. गट्टूचा गट त्यांनी तीनदा बदलला आणि आईने तिन्ही वेळा "बरं" म्हटले.

"आणि घुम्या?" लेकीने विचारले. त्याचा चेहरा तिने आणला होता. खाली बघणारा.

वस्तादांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"त्याला नका घेऊ."

"कोणत्या गटात नको, बाबा?"

"कुठल्याच नको. त्याला खेळायचंच नव्हतं कधी. भिडेपोटी उभा राहायचा. मोकळं करा त्याला, घरी जाऊ दे."

लेकीचे बोट बटणावर तसेच राहिले. मग आईने तिचा हात हळूच बाजूला केला आणि तो चेहरा स्वतःच पुसून टाकला.

"गेला घरी," ती म्हणाली.

"एकटाच?"

"नाही हो. मी सोडून आले."

"जेवला का?"

"पोटभर."

वस्तादांनी मोठा श्वास सोडला. "बरं केलंस," ते म्हणाले आणि लंबूकडे वळले.

मित्रांनो, आता मी फार सावकाश चालतो आणि माझा पंखा खरखरतो. सकाळी माझ्यापुढे दोन खुर्च्या असतात. लंबूचा गट अजून बदलतो आणि तो बहुतेक हरतोच. कोणत्या पोराला कुठे घालावे, हे इतकी वर्षे बघूनही मला सांगता येणार नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याची धूळ अधूनमधून पुसा. आणि घरातले कोणी तोच प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर वैतागू नका. पहिल्यांदाच विचारला आहे असे समजून उत्तर द्या. विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच विचारलेला असतो.